सकारात्मक वाक्यांच्या पलीकडे

‘रोज सकाळी आरशासमोर चांगली वाक्ये म्हटली की मनाची घडण बदलते’ हे अनेकदा ऐकू येणारे मत मला पटत नाही, कारण मनात घट्ट बसलेली समजूत तिच्यावर दुसरे वाक्य ठेवल्याने हलत नाही. ती तपासावी लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मांडली, ती याच पायावर की घटनेपेक्षा तिच्याविषयीचा आपला हट्टी विचार आपल्याला अधिक छळतो. मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे ही दृष्टी मराठी वाचकांपर्यंत पोहोचली.

मात्र विचाराशी नुसता वाद घालूनही भागत नाही. इथे इंदूरला माझ्या मावशीला राजवाड्याच्या गर्दीत ‘मला चक्कर येईल आणि मी पडेन’ अशी खात्रीच वाटे. समुपदेशकांनी तिला वहीत तीन रकाने आखायला लावले: काय होईल असे वाटते, भीती शंभरपैकी किती, आणि प्रत्यक्षात काय झाले. पहिले तीन आठवडे फरक पडला नाही, कारण ती ग्लुकोजची पुडी मुठीत धरून फिरे आणि न पडण्याचे सारे श्रेय त्या पुडीला देई. पुडी घरी ठेवून ती गजबजलेल्या सराफा बाजाराच्या तोंडाशी वीस मिनिटे उभी राहिली, छातीतली धडधड वाढली आणि आपोआप ओसरली, तेव्हा कुठे वहीतला आकडा ८० वरून ३० वर आला. असे छुपे आधार ओळखणे हे मला या उपचारातले सर्वांत नाजूक काम वाटते, आणि ते जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावे. लग्नाच्या मांडवातली तिची भीती अजून शिल्लक आहे. त्यासाठी वहीत नवे पान सुरू झाले आहे.