सोमवारी एका दिवसात वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, मकबरा: जमेल का?

प्रश्न (सहाजणांचीगाडी):
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला गाडीने जातोय. आम्ही दोघं, मुलं ७ आणि ११ वर्षांची, आई-बाबा सत्तरीच्या आसपास. आईच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत. रविवारी रात्री शहरात मुक्काम. सोमवारी सकाळी अजिंठा, येताना वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, शेवटी बीबी का मकबरा आणि रात्री जेवून थेट पुणे, असा बेत आहे. राहिलंच काही तर मुक्काम वाढवून मंगळवारी सकाळी वेरूळ. क्रम बरोबर आहे का?

कातळवेडा:
सोमवारी अजिंठा बंद असतो, मंगळवारी वेरूळ बंद. म्हणजे बेताचं पहिलं पान आणि राखीव पान दोन्ही गेली. हे वार उलटसुलट लक्षात ठेवल्यामुळे दर हंगामात किती तरी गाड्या बंद फाटकापर्यंत जाऊन परततात.

बंद नसता तरी जमलं नसतं. अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटर, सिल्लोडमार्गे. गाडी फर्दापूरच्या तिठ्यावर ठेवायची, तिथून आतल्या बसने चार किलोमीटर, मग चढ. जाऊन-येऊन चार-साडेचार तास प्रवास आणि तीन तास लेणी, इथेच दिवस संपतो. शिवाय वेरूळ शहराच्या दुसऱ्या दिशेला आहे, त्यामुळे अजिंठ्याहून ‘येताना वेरूळ’ होत नाही. पुन्हा शहर ओलांडावं लागतं.

उरलेली चार ठिकाणं मात्र जवळपास एकाच रेषेत आहेत. शहरापासून दौलताबाद १५ किलोमीटर, पुढे घाट चढून खुलताबाद, मग वेरूळ, एकूण ३०. गाडी दिवसभरात साठ-सत्तर किलोमीटरच चालेल. वेळ खातात रांगा, जिने आणि ‘बाबा कुठे राहिले’. माझा क्रम असा:

सव्वासहाला निघा, सातपर्यंत घृष्णेश्वर. सोमवार आहे, उशीर केलात तर रांग वाढेल. मोबाइल आत नेता येत नाही, गाडीतच ठेवा. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना अंगातला शर्ट-बनियन काढावा लागतो. बाबांच्या अंगावर सहज निघेल असं काही असू द्या, डिसेंबरात पहाटे तिथे गारठा असतो. मंदिरापासून लेणी किलोमीटरभरही नाहीत. बाहेर पोहे-चहा उरकून पावणेनऊला लेण्यांच्या फाटकावर.

तिकीट मोबाइलवर आधीच काढा, रोखीपेक्षा थोडं स्वस्त पडतं. १५ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. मुलांच्या आधारची प्रत जवळ असू द्या.

लेणी ३४ आहेत, चौतीस पाहायला जाऊ नका. फाटकासमोरच १६ नंबर, कैलास. त्याला दीड तास द्या. आत शिरलं की डावीकडच्या भिंतीवर महाभारताचा पट, उजवीकडे रामायणाचा. दोन्ही वरून खाली पट्ट्या-पट्ट्यांनी वाचायचे. मुलांना आधी सांगून ठेवा की हे मंदिर वरून खाली कोरत आणलंय. मग ती मागच्या तीसेक मीटर उंच कातळाकडे बघतात, नाहीतर नुसते हत्ती मोजतात. दक्षिणेच्या अंगाला कैलास हलवणारा रावण आहे, तो चुकवू नका. आईंना प्रांगणातून फेरी मारता येते. वरच्या सभामंडपाचा जिना टाळला तरी पुष्कळ दिसतं.

मग उजवीकडे १० नंबर. चैत्याच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, छताला दगडातच लाकडी तुळयांसारख्या फासळ्या कोरल्यात, म्हणून लोक त्याला सुताराचं झोपडं म्हणतात. १२ नंबरला, म्हणजे तीन तालला, पायऱ्या उंच आहेत. मुलांना वर न्या, आई-बाबा तळमजल्यावर. जैन लेणी (३० ते ३४) किलोमीटरभर लांब, तिथे आतल्या बसने जा आणि फक्त ३२ नंबरची इंद्रसभा पाहा. बसची वाट बघण्यात वीस मिनिटं जातात, हे हिशेबात धरा. साडेबाराला बाहेर, जेवण, दोनला दौलताबाद.

गडवाट:
कातळवेडांशी बाकी सहमत, क्रमाबद्दल मतभेद. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी कैलासचं तोंड सावलीत असतं, उजेड दुपारनंतर येतो. फोटो हवे असतील तर सकाळी दौलताबाद आणि दुपारी वेरूळ. मार्च-एप्रिलमध्ये तर दुसरा पर्यायच नाही. दुपारी दोनला तो किल्ला चढायचा म्हणजे तव्यावर चालणं.

पण तुमच्याबरोबर वडीलधारी आहेत आणि डिसेंबर आहे, तेव्हा त्यांचाच क्रम धरा. किल्ला मात्र दोन भागांत वाटून घ्या. महाकोट, भारतमाता मंदिराचा खांबांचा मंडप, चांदमिनार इथपर्यंत चढ सौम्य आहे, फक्त फरसबंदी खडबडीत. आई-बाबांनी मिनारापाशी थांबावं. तुमच्यातल्या एकाने मुलांना घेऊन चिनी महाल, मेंढा तोफ आणि खंदकावरचा पूल ओलांडून अंधारीपर्यंत, म्हणजे कातळातल्या काळोख्या भुयारी वाटेपर्यंत, जावं. अंधारीत वटवाघळांचा वास, ओल्या पायऱ्या, वळणं. मोबाइलचा उजेड पुरत नाही, बॅटरी न्या. चपला-सँडल नकोत. माथ्यापर्यंत सातशेच्या वर पायऱ्या आहेत, सात वर्षांच्या मुलाबरोबर वर जाऊन यायला अडीच तास धरा. तुमच्याकडे तेवढे नाहीत, म्हणून अंधारी पाहून परत. खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं हिसकावतात.

आणखी एक: दौलताबादजवळ रस्ता जुन्या तटाच्या अरुंद दरवाजातून जातो, तिथे समोरासमोर बस आल्या की सगळं ठप्प. सुट्टीच्या दिवशी अर्धा तास सहज जातो, सोमवारी कमी. शनिवारी मात्र खुलताबादच्या भद्रा मारुतीची गर्दी याच रस्त्यावर असते.

सहाजणांचीगाडी:
वारांचं लक्षातच नव्हतं, आभार! मकबरा मग कितीला? आणि रात्री निघावं का?

कातळवेडा:
सव्वाचारला किल्ला सोडलात तर पाचपर्यंत मकबरा. डिसेंबरात सहाच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे उतरतं ऊन आणि संधिप्रकाश दोन्ही मिळतील. चौथरा सोडला तर सगळं सपाट आहे, आईंना सोपं. उशीर झालाच तर चारही ठिकाणांत हेच शेवटी ठेवण्यासारखं, कारण लेणी सूर्यास्ताला बंद होतात, मकबरा त्यानंतरही उघडा असतो. शहरातली पाणचक्की सोडून द्या.

उसाचारस्ता:
रात्री निघू नका. पुणे सुमारे २३५ किलोमीटर, आणि डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. नेवासा ते अहिल्यानगर उसाच्या जोडट्रॉल्या रस्त्यावर असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी बाहेर आलेल्या उसाखाली झाकलेला. समोरच्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांवर असताना ट्रॉली पन्नास फुटांवर आल्यावर दिसते. त्यात तुमच्या गाडीचा चालक पहाटे पाचपासून जागा. मंगळवारी सकाळी सहाला निघालात तर शिक्रापूर-वाघोलीची कोंडी दुपारच्या आत ओलांडाल.

मंगळवारी अजिंठा उघडा असतो, तो मोह होईल. पण अजिंठा करून त्याच दिवशी पुणे म्हणजे येता-जाता मिळून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. एक रात्र वाढवणार असाल तरच.