मदत हवी आहे: सागवान नको, मग चौकट कशाची?
मंडळी, जुळे सोलापुरात घराचं काम काढलंय आणि दार-खिडक्यांवर गाडी अडलीय. सागवान परवडत नाही, आणि खरं सांगू का, त्यासाठी झाडं पाडायलाही नको वाटतं. सुतार म्हणतो डब्ल्यूपीसी घ्या, म्हणजे लाकडाचा भुसा अन् प्लॅस्टिक मिसळून केलेलं, वाळवी लागत नाही, पण आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, पश्चिमेच्या उन्हात फुगून दार अडकतं का? दुसरं जीआयची चौकट, म्हणजे झिंकचा (जस्ताचा) थर दिलेलं लोखंड, थर असला की ओरखडा पडला तरी आधी झिंक झिजतं, लोखंड वाचतं. नुसत्या लोखंडावरचं पावडर कोटिंग एकदा उडालं की आतून गंज पसरतो, आमच्या गेटला पापुद्रे सुटलेत बघा. बाथरूमला बोअरचं खारं पाणी, तिथं काय टिकेल? वापरलेल्यांनीच सांगा राव, दुकानदारांचं ऐकून डोकं उठलंय.