परदेशी कंपनीला लवाद, आपल्याला तारीख?

दांडियाबाजारकर: काल एकाने इथे लिहिलं, "सरकारने २०१६ पासून गुंतवणूक करार मोडीत काढले, म्हणून परदेशी पैसा बिचकतो. सरकारने बाजूला व्हावं." राहवलं नाही म्हणून लिहितोय. पन्नासहून जास्त देशांना करार संपवायच्या नोटिसा गेल्या, त्या उगीच नाही. ऑस्ट्रेलियाची व्हाइट इंडस्ट्रीज कंपनी आठवा. पिपरवार खाणीवरून कोल इंडियाशी वाद, २००२ मध्ये निवाडा कंपनीच्या बाजूने, मग तो आपल्या कोर्टांत लटकला. २०११ मध्ये दुसऱ्या लवादाने थेट भारत सरकारकडून भरपाई वसूल करून दिली, तीही कुवेतबरोबरच्या करारातल्या कलमावर! ऑस्ट्रेलियाच्या करारात ते कलमच नव्हतं, मोस्ट फेवर्ड नेशनच्या, म्हणजे दुसऱ्या देशाला दिलेली सवलत आम्हालाही द्या, या दाराने आत आलं. असलं दार बंद करणं हे सरकारचं कामच आहे. सिगारेटच्या पाकिटावर मोठा इशारा छापला म्हणून फिलिप मॉरिसने उरुग्वेला २०१० ते २०१६ झुंजवलं. उरुग्वे जिंकला, पण छोट्या देशाची सहा वर्षं गेली.

रावपुरा_सीए: काका, अर्धीच गोष्ट सांगताय. जानेवारी २०१२ मध्ये सरकार सुप्रीम कोर्टात व्होडाफोनशी कराचा खटला हरलं आणि त्याच वर्षी मागच्या तारखेपासून कायदा बदलून मोकळं झालं. हे नियमन? त्याच करावरून केर्न या तेल कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये १.२ अब्ज डॉलरचा निवाडा जिंकला. पैसे मिळेनात, तेव्हा पॅरिसमधल्या आपल्या सरकारी मालमत्तांवर टाच आणायचा आदेश मिळवला. त्यानंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, तो कर मागे घेतला. आणि गुंतवणुकीच्या नव्या नमुना करारात काय केलं? कर हा विषयच वगळला, वर पाच वर्षं आधी आपल्या कोर्टात झगडा म्हणाले.

मकरपुरा_जॉबवर्क: तुमची भांडणं अब्जांची. माझं टर्निंग-मिलिंगचं युनिट. एका मोठ्या कंपनीने माल उचलला, वापरला, पैसे नाहीत. लघुउद्योगांचा कायदा २००६ चा: ४५ दिवसांत पेमेंट, नाही तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. त्या कायद्याखालच्या कौन्सिलने निवाडा माझ्या बाजूने दिला. ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय त्याला आव्हान देता येत नाही, पण त्यांचा वकील त्या रकमेवरच तारखा घेतोय. व्हाइटला कोर्टाच्या उशिराचे पैसे मिळाले. मला कोण देणार? मी बडोद्यातच जन्मलो म्हणून माझा उशीर फुकट?

रावपुरा_सीए: त्यासाठीच आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आणलं ना! वेळेत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी खर्चाची वजावट नाही.

मकरपुरा_जॉबवर्क: कागदावर छान. परचेसवाला फोनवर सांगतो, उद्यम रजिस्ट्रेशन (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) काढून टाक, नाही तर ऑर्डर दुसऱ्याला. मशीनचे हप्ते मला भरायचेत, त्याला नाही. तुमच्या ऑफिसात बसून कलमं सांगू नका.

रावपुरा_सीए: माझ्या ऑफिसात रोज असेच लोक येतात. चिडायचं तर कोर्टावर चिडा.

दांडियाबाजारकर: भाऊ, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे! परदेशी पाहुण्याला वेगळं दार मिळतं, तोवर कोर्टं सुधारायची घाई कुणालाच नसते. सगळ्यांनी एकाच रांगेत उभं राहावं.

मकरपुरा_जॉबवर्क: रांग हलत नाही, त्याचं काय? सगळ्यांना सारखं कुजवण्यात मला न्याय दिसत नाही.

हालोल_रोड: आणि कामगार? जनरल मोटर्सने २०१७ मध्ये हालोलचा प्लांट बंद केला. गुंतवणूकदाराला देशाशी करार असतो. त्याच्या गेटवर उभ्या राहणाऱ्याने कुठल्या लवादाकडे जायचं?

रावपुरा_सीए: हा मुद्दा खरा आहे, पण वेगळा. काका, मागच्या तारखेचा कर बरोबर होता का, एवढंच सांगा.

दांडियाबाजारकर: नव्हता. लिहून घे. पण म्हणून लवादातल्या तीन पंचांनी एका देशाचा करकायदा तपासावा, हे मला पटणार नाही. यूएईबरोबरच्या २०२४ च्या करारात पाचाची तीन वर्षं केली, तेवढी ढील पुरे.

रावपुरा_सीए: तीन वर्षांत आपल्याकडे पुरावे तरी नोंदून होतात का? भाऊ, तुमची ७५ टक्के रक्कम अजून जमा नसेल तर त्यांचा अर्ज ऐकूनच घेऊ नये, असं तुमच्या वकिलाने कोर्टाला लेखी दिलंय का?

मकरपुरा_जॉबवर्क: तोंडी सांगितलंय.

रावपुरा_सीए: लेखी द्यायला लावा. उद्याच.