मदत हवी आहे: सिएते लेग्वास टकिला पाहुण्यांना कशी द्यावी?

मेक्सिकोतील हालिस्को प्रांतात १९५२ पासून तयार होणाऱ्या आणि क्रांतिकारक पांचो व्हिया यांच्या घोड्याचे नाव लावणाऱ्या ‘सिएते लेग्वास’ टकिलाच्या ब्लांको (पिंपात न मुरवलेली) व रेपोसादो (पिंपात मुरवलेली) अशा दोन बाटल्या माझ्याकडे आहेत. टकिला ज्या वनस्पतीपासून बनते, त्या भाजलेल्या अगावेचा काही भाग तिथे आजही ताओना या मोठ्या दगडी चाकाखाली चिरडला जातो, त्यामुळे ती चव पाहुण्यांपर्यंत नीट पोहोचावी अशी मनापासून इच्छा आहे.

मीठ-लिंबासह एका घोटात घेतल्यास अगावेचा गोडसर, किंचित मिरीसारखा स्वाद झाकला जातो आणि फ्रीजरमध्ये ठेवल्यास सुगंधच दबतो, हे करून पाहिले आहे. घरच्या तापमानाला, अरुंद तोंडाच्या वाइन ग्लासातून सावकाश घेतल्यावर ब्लांको सर्वांत खुलली. टकिलाचे खास ग्लास मात्र येथे मिळत नाहीत. कॉकटेल करायचे नाही. जेवणाआधी, थोडी थोडीच द्यायची आहे.

सोबत सांग्रिता (टकिलासोबत घोटघोट प्यायचे आंबट-तिखट, मद्यविरहित पेय) ठेवण्याचा विचार आहे, परंतु काही कृतींत केवळ संत्र्याचा रस, लिंबू व मिरची असते, तर काहींत टोमॅटोही असतो. ब्लांकोसोबत यांपैकी कोणती योग्य ठरेल, आणि पिंपात मुरलेल्या रेपोसादोसोबत सांग्रिता द्यावी की रेपोसादो नुसतीच द्यावी?