फ्रीजरच्या कप्प्यात सतत बर्फ साचतो. झाकण हवाबंद करावे का?

प्रश्न : आमच्या एकदारी फ्रिजमधील फ्रीजरचे झाकण सैल बसते आणि बर्फ वितळवल्यावर आठवडाभरातच आत बोटभर थर चढतो. झाकणाच्या कडेला स्पंजची पट्टी चिकटवून कप्पा पूर्ण हवाबंद केला तर चालेल का?

उत्तर १ : कृपया तसे करू नका. अशा फ्रिजमध्ये गारवा निर्माण करणारी नळी त्याच कप्प्याच्या भिंतीत असते आणि तिथली जड, गार हवा खाली उतरते म्हणूनच खालचे कप्पे थंड राहतात. ती वाट बुजवली तर खालचे अन्न नासू लागेल. बर्फ होतो तो बाहेरून शिरलेल्या दमट हवेतील बाष्पाचा, तेव्हा मुख्य दाराचे रबर आधी तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ती ओढा. ती न अडखळता सुटून आली, तर तिथूनच हवा शिरत आहे.

उत्तर २ : माझ्याकडे रबराच्या खाचेत, अगदी खालच्या कोपऱ्यात, चिकट काळी घाण साचली होती. साबणाच्या कोमट पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने ती काढली, दबलेले रबर हेअर ड्रायरने हलकेच गरम करून बोटांनी बाहेर ओढले आणि दार पुन्हा घट्ट बसू लागले. रबर चिरले असेल तर मात्र बदलावेच लागते.

प्रश्नकर्ता : कागदाची पट्टी बिजागरीच्या बाजूला, वरच्या टोकाशी अलगद सुटली. स्पंजचा विचार सोडला आहे.

उत्तर ३ : साचलेला बर्फ सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडले तर तिच्यातला गारवा देणारा वायू निघून जातो, आणि अनेक नव्या फ्रिजमधला आयसोब्युटेन हा वायू ज्वलनशील असतो.