लाईट गेली, सेव्ह न केलेलं परत कसं मिळालं? अनुभव लिहा

वळवाचा पाऊस सुरू झाला की मराठवाड्यात लाईटचा भरवसा राहत नाही, आणि यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यानं आधीच बसलेली असते. ज्यांचं टाईप केलेलं मध्येच गेलं आणि परत मिळालं (किंवा नाहीच मिळालं) त्यांनी इथं लिहावं. सॉफ्टवेअर कोणतं, फाईल कुठं सापडली, एवढं तरी सांगा. ‘कंट्रोल-एस दाबत जा’ हा उपदेश कृपया नको, तो घरोघरी फुकट मिळतो.

सुरुवात मी करतो. लातूर, नोटपॅड प्लस प्लस. लाईट आल्यावर फाईल उघडली तर साईज होती तेवढीच, पण मजकुराच्या जागी काळ्या चौकटींत ‘एनयूएल’, ‘एनयूएल’ (म्हणजे रिकामी अक्षरं) अशी रांग, पार खालपर्यंत. फाईल केवढी आहे याची नोंद डिस्कवर पोचलेली असते, आतला मजकूर पोचायचा राहतो आणि तेवढ्यात करंट जातो, म्हणून असं होतं. अशी फाईल पुन्हा सेव्ह करायची नाही. मी प्रोग्रॅम बंद केला, ॲपडेटा, रोमिंग, नोटपॅड प्लस प्लस असं आत गेलो आणि तिथलं ‘बॅकअप’ फोल्डर अख्खं पेनड्राईव्हवर घेतलं. त्यात फाईलच्या नावापुढं तारीख-वेळ लागलेली प्रत होती. न सेव्ह केलेल्या मजकुराची ही प्रत दर ७ सेकंदांनी घेतली जाते, सेटिंग मुळातच चालू असतं. मात्र तुम्ही सेव्ह केलं की ती पुसली जाते. माझं सेव्हनंतरही टायपिंग चालू होतं म्हणून ती राहिली. नशीब, दुसरं काय.

नांदेड, पीएच.डी. करतेय: वर्ड. फाईलला नावसुद्धा दिलं नव्हतं. फाईल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स. शेवटचा परिच्छेद सोडून सगळं मिळालं. ऑटोरिकव्हरची वेळ १० मिनिटं असते, ती मी २ वर आणली. गाईडना काही सांगितलं नाही.

संभाजीनगर, सर्व्हरचं काम: आमच्याकडं विम, सर्व्हरवरच चालणारा टेक्स्ट एडिटर. नेट तुटलं, पुन्हा लॉगिन करून तीच फाईल उघडली की ‘ई३२५ अटेन्शन’ येतं. नवी पोरं घाबरून डिलीट दाबतात, तिथंच घात होतो. २०० अक्षरं झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की विम स्वॅप फाईल (सेव्ह न केलेल्या बदलांची तात्पुरती फाईल) लिहून ठेवतो. आधी तो मेसेज नीट वाचा. प्रोसेस आयडीपुढं ‘स्टिल रनिंग’ दिसलं तर तुमचा जुना विम सर्व्हरवर अजून जिवंत आहे, रिकव्हरच्या फंदात पडू नका, आधी त्याचं काय ते बघा. तसं नसेल तर आर दाबून रिकव्हर करायचं, दुसऱ्या नावानं सेव्ह करून जुन्या फाईलशी डिफ लावायचा (दोन्हींत फरक काय ते बघायचं), आणि जुळलं की मगच स्वॅप उडवायची. नाही उडवली तर रोज तेच अटेन्शन.

जालना: ईमॅक्सवाले (हाही विमसारखाच एडिटर) आम्ही कमीच, पण आहोत. दोन्ही बाजूंना हॅश लागलेली फाईल शोधा आणि ‘रिकव्हर धिस फाईल’ द्या. ३०० कळा दाबल्या की ती आपोआप होते.

हिंगोली, सेवा केंद्र: विंडोज ७, साधं नोटपॅड. काहीच मिळालं नाही. अर्जदार बाकावर बसूनच होते, पहिल्यापासून टाईप केलं.

(बरोबर आहे. ते नोटपॅड सगळं रॅममध्येच ठेवतं, लाईट गेली की संपलं. विंडोज ११ मधलं नवं न सेव्ह केलेले टॅब सांभाळतं.)

परभणी, डीटीपी: लग्नसराईत आमच्याकडं अजून पेजमेकरच (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) चालतं, हसू नका. पान बदललं की ते आपलं आपण मिनी-सेव्ह करतं. मशीन बंद पडून चालू झालं की फाईल तिथपर्यंतची उघडते. कामात काही बिघडलं तर शिफ्ट दाबून रिव्हर्ट द्या, तिथंच येता. आता पत्रिका असते एका पानाची, पान बदलणार कुठून? म्हणून आम्ही एक कोरं पान जोडूनच ठेवतो. मामाकडच्या मंडळींची नावं टाकली, की कोऱ्या पानावर जाऊन यायचं. आत्याकडची टाकली, पुन्हा जाऊन यायचं. प्रिंटला देताना तेवढं कोरं पान काढायला विसरू नका, गिऱ्हाईक त्याचेही पैसे का म्हणून विचारतं.