डॅशकॅम लावून वर्ष झालं. ठेवावा की काढावा?

सिंहगडरोडकर: गेल्या दिवाळीत गाडीला डॅशकॅम, म्हणजे रस्त्याचं सतत चित्रीकरण करणारा कॅमेरा लावला. फक्त पुढचा, आरशामागे लपेल एवढा. माझं मत आता पक्कं आहे: सीटबेल्टइतकाच गरजेचा. श्रावणात कात्रजच्या चढावर पुढचा टेम्पो मागे घसरला आणि माझ्या बंपरला टेकला. चालक उतरला तोच "मागून ठोकलंस" म्हणत. दोन मिनिटांत आठ-दहा जण जमले, सगळे त्याच्या बाजूने. मी क्लिप मोबाइलवर घेतली आणि त्याच्यापुढे धरली. टेम्पोची मागची फळी हळूहळू मोठी होत जाते, माझा हॉर्न तीनदा वाजतो, मग ठप्प. गर्दी पांगली, त्याने बाराशे रुपये काढून दिले. कॅमेरा नसता तर मीच दिले असते. ज्यांना नको वाटतो त्यांनी कारण सांगा.

रातराणी: मी सांगते. गाडी आम्ही दोघं चालवतो. कॅमेऱ्याला माइक आहे हे मला तीन महिन्यांनी कळलं. हायवेवर गाय आडवी आल्याची क्लिप नवऱ्याने माझ्या माहेरच्या ग्रुपवर टाकली. गाय दिसते अकरा सेकंद. त्याआधी दीड मिनिट मी वहिनीच्या डोहाळजेवणातल्या मसालेभाताबद्दल बोलतेय. वहिनी अजून तुटक बोलते. रस्त्यावर लक्ष ठेवायला आणलेलं यंत्र घरचंच ऐकत बसतं.

सिंहगडरोडकर: अहो ताई, माइक बंद करता येतो. दोन बटणांचं काम.

रातराणी: केला बंद. पण मग तुमचा तीनदा वाजलेला हॉर्न कुठून ऐकू आला असता?

वऱ्हाडी ठेचा: अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास, उन्हात उभ्या गाडीत तर विचारूच नका. माझा पहिला कॅमेरा लिथियम बॅटरीवाला. बॅटरी फुगली आणि मागचं झाकण भाकरीसारखं वर आलं. आता बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा दुसरा भाग) असलेला आहे, तो टिकलाय. पण खरी फजिती कार्डाने केली. जुन्या मोबाइलचं कार्ड टाकलं होतं. दिवा रोज लुकलुकायचा, मी निर्धास्त. एका दुचाकीवाल्याने आरसा उडवला त्या रात्री कार्ड लॅपटॉपला लावलं, तर शेवटची फाइल सतरा दिवसांपूर्वीची! सतत लिहून-पुसून साधं कार्ड मरतं. हाय एंड्युरन्स लिहिलेलंच घ्या, आणि अधूनमधून फायली उघडून बघा. कोणी बघत नाही, मला माहीत आहे.

घाटपांडू: मी काढून टाकला. कारण जरा लाजिरवाणं आहे. चौकात धडक झाली, मी तावातावाने क्लिप लावली. सिग्नल पिवळा होता म्हणून मी शपथेवर सांगत होतो. क्लिपमध्ये लाल. वर जीपीएसने कोपऱ्यात वेग छापलेला, ७१. पैसे गुपचूप दिले.

सिंहगडरोडकर: म्हणजे कॅमेऱ्याने काम चोखच केलं की राव.

घाटपांडू: केलं. माझ्याच पैशाने, माझ्याच विरुद्ध.

काळाकोट: रस्त्यावर गर्दी पांगवणं वेगळं आणि कोर्टात पुरावा टिकवणं वेगळं. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीवरून खोतकर-गोरंट्याल यांचा खटला झाला. त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर वाद होता. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नक्कल द्यायची तर पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाचं, नक्कल कशी काढली ते सांगणारं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच मालकाने साक्षीला येऊन हजर केलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं ६३वं कलम आलं. आता प्रमाणपत्राचे दोन भाग, एक तुमचा, एक तज्ज्ञाचा, आणि फाइलचा हॅश नंबरही (फाइल बदललेली नाही हे ताडून बघायचा आकडा) लागतो. तेव्हा अपघात झाला की पहिलं काम कार्ड काढून पाकिटात ठेवणं. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल दाबून लहान होते, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

श्टुटगार्टवाला: आमच्याकडे जर्मनीत याच्यावर मजेशीर तोडगा निघाला. २०१८मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ठरवलं की रस्त्याचं सरसकट, सतत चित्रीकरण गोपनीयतेच्या कायद्यात बसत नाही, पण अपघाताच्या दाव्यात ते पुरावा म्हणून घेता येईल. इकडे फुटपाथवरचा माणूस आपल्या चित्रीकरणाला हरकत घेऊ शकतो, हा विचारही आपल्या चर्चेत कुणी केलेला नाही.

वऱ्हाडी ठेचा: दादा, आमच्याकडे फुटपाथ झाला की करू विचार.

काळाकोट: @सिंहगडरोडकर, टेम्पोची मूळ फाइल जपून ठेवलीय ना?

सिंहगडरोडकर: कॅमेऱ्यात लॉक झालीच असेल. धक्का बसला की सेन्सर फाइल लॉक करतो, मग ती पुसली जात नाही.

घाटपांडू: पुण्यात? माझ्याकडे प्रत्येक खड्डा लॉक व्हायचा. निम्मं कार्ड खड्ड्यांनीच भरलेलं. शेवटी सेन्सर सगळ्यात मंद करून टाकला.

सिंहगडरोडकर: मीही तसाच केलाय. थांबा, पार्किंगमध्ये जाऊन बघतो.

सिंहगडरोडकर: बघितलं. ६४ जीबीचं कार्ड, मिनिटाला साधारण शंभर एमबी, म्हणजे दहा-साडेदहा तासांचंच मावतं, मग जुनं पुसून नवं लिहिलं जातं. कार्डावर गेल्या मंगळवारपासूनचंच आहे, श्रावणातलं काहीच नाही. टेम्पोचा धक्का सेन्सरच्या खिजगणतीतही नव्हता. त्या दिवशी मोबाइलवर घेतलेली क्लिपही फोन बदलताना गेली. भावाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली तेवढी उरलीय.

रातराणी: हॉर्न ऐकू येतो ना त्यात?